टिटवीचं घर

फार पूर्वी माळावरची पाखरं सुगरणीकडून घरटी विणून घेत. एकदा टिटवीनेही तिच्याकडून झुलतं घरटं घेतलं, पण तिच्या पायांना ते धरताच येईना.

"घरट्यात खोट नाही, तुझ्या पायांत आहे," सुगरण फणकारली.

टिटवी माळावर परतली आणि तिने उघड्यावरच दोन अंडी घातली. संध्याकाळी म्हशीच्या खुराखाली त्यातलं एक फुटलं. टिटवीचा टाहो ऐकून सुगरण धावत आली. फुटकं कवच पाहून ती टिटवीशेजारी जमिनीवर बसली.

"बाई, तुला घर कसं हवंय?" तिने पहिल्यांदाच विचारलं.

"जमिनीवरच. वर आभाळ दिसू दे, फक्त गुरांना कळेल एवढा आडोसा कर."

"असं घर मला येत नाही," सुगरण म्हणाली. "तू सांगत जा, मी विणते."