वेलीवर कूस न पालटलेला भोपळा

एकदा एक शिष्या, वय वर्षे शेहेचाळीस, आपली गाण्याची वही परत करण्यासाठी वृद्ध गुरूंच्या दारी आली. हे गुरू गाणे शिकवीत आणि तंबोरेही स्वतःच घडवीत.

ती नऊ वर्षांची असताना एका नामवंत गवयाने तिचा गळा ऐकून तिला शिकण्यासाठी बोलावले होते. परंतु त्याच आठवड्यात धाकटा भाऊ जन्मला. पाळणा हलवायला घरात कोणीतरी हवे, म्हणून तिला पाठवले नाही. तिची जागा शेजारच्या मुलीला मिळाली. आता या गुरूंकडे वर्षभर तिने निष्ठेने रियाज केला होता. मात्र एखादी तान निसटली की ती म्हणे, तेव्हा गेले असते तर ही वेळ आली नसती. त्या दिवशी तिने सांगितले की हे गाणे आता पुरे.

गुरूंनी वाद घातला नाही. त्यांनी वही कोनाड्यात ठेवली. माझे हात हल्ली कापतात, तेव्हा जाण्यापूर्वी तंबोऱ्यासाठी एक भोपळा तयार करून दे, एवढेच ते म्हणाले. माळ्यावर सुडौल भोपळे टांगलेले असताना त्यांनी नेमका एका कुशीवर चपटा असलेला भोपळा तिच्या हाती दिला.

तिने तो दाबून पाहिला. तो हाडासारखा कठीण होता.

"गुरुजी, कोवळा असतानाच वेलीवर याची कूस पालटायला हवी होती. आता हा गोल कसा व्हावा?"

"गोल व्हावा, असे मी कुठे म्हणालो? पाण्यात घाल."

वर दगड ठेवून तिने भोपळा दोन दिवस हौदात बुडवला. तिसऱ्या दिवशी तोंड कापून आतून बांबूच्या कामटीचा टेकू दिला. रोज भोपळा ओला करायचा आणि कामटी गव्हाच्या दाण्याभर अधिक लांब घ्यायची, असा गुरूंचा दंडक होता. दहा दिवस ती येत राहिली. चपटी कूस किंचित उचलू लागली. अकराव्या दिवशी तिला धीर धरवेना. तिने बोटभर लांब कामटी दामटली आणि भोपळ्याला तडा गेला.

"सदतीस वर्षे एका दुपारी वसूल करायला निघालीस काय?" असे म्हणून गुरूंनी चिकटवण्याचा सरस आणि मलमलीची पट्टी तिच्यापुढे सरकवली. तिने निमूटपणे तडा सांधला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गव्हाभर लांब कामटी घेतली.

चार महिन्यांनी तंबोऱ्यावर तारा चढल्या. कूस अजूनही थोडी चपटी होती.

"हे आवाजात ऐकू येईल का?" तिने विचारले.

"येईल. तयार कानाला निश्चित येईल. मुली, मी तुला खोटा दिलासा देणार नाही. वेलीवरचे दिवस परत येत नाहीत, आणि ज्याला ते लाभले त्याचा भोपळा अधिक गोल असणारच. ते दिवस गेल्याचे दुःख खरे आहे, ते कर. परंतु दुःख करताना हात रिकामे ठेवू नकोस. ही कूस जेवढी उचलली आहे, तेवढी तू उचललीस. तडा गेला, त्यानंतरही तू आलीस."

शिष्येने कोनाड्यातली वही काढली, तंबोरा मांडीवर घेतला. पहिली तार उतरलेली होती. तिने खुंटी पिळली.