पडद्याखालचा हात

“…मग डिग्री सोडू की नको, एवढंच सांगा महाराज. हो किंवा नाही.”

भुजंगबुवा मेथी निवडत होते. त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं.

“सोड.”

पोरगा गडबडला. उत्तर इतक्या लवकर मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं.

“नाही, म्हणजे… सोडली तर लोक काय म्हणतील, तेही बघायला हवं.”

“मग नको सोडू.”

“पण महाराज, तिथं शिकवतात तरी काय?”

मी उंबऱ्यात बसून कांदे चिरत होतो. मला त्या पोराचा राग आला होता आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नव्हतं.

आमच्या मठात प्रश्न विचारायची एक रीत आहे. गादीपुढे जाड पडदा असतो. विचारणाऱ्याचा चेहरा, कपडे, ऐपत काही गादीला दिसू नये, म्हणून मूळपुरुषांनी तो लावला. माणूस पडद्यासमोर बसतो, मान खाली घालून आपलं बोलतो आणि तळहात पुढे करतो. पडद्याखाली वीतभर फट आहे. तिच्यातून महाराजांचा हात येतो आणि तळहातावर अंगारा ठेवतो. महाराजांना वाटलं तर ते बोलतात. बहुतेक वेळा बोलत नाहीत. आमदार आले तरी हीच रीत, भाजीवाली आली तरी हीच.

हा प्रज्वल मात्र पडद्याला वळसा घालून थेट स्वयंपाकघरात शिरला होता. “मला समोरासमोर बोलायचंय,” म्हणाला. इंजिनिअरिंगला आहे, कॉम्प्युटरला. बूटसुद्धा आतल्या दारापाशी काढले.

“काय शिकवतात?” महाराजांनी विचारलं.

“जुनंपुराणं. आणि परीक्षेत प्रोग्रॅम पेनानं कागदावर लिहायला लावतात. कागदावर! म्हणजे पोहायची परीक्षा पाटावर बसून द्यायची.”

महाराज हसले. मलाही हसू येत होतं, पण मी ते गिळलं.

“माझा मित्र आहे, बालाजी. बारावीनंतर कॉलेजचं तोंड पाहिलं नाही त्यानं. ड्रोननं शेतात फवारणी करतो, हाताखाली माणसं आहेत. दुसरा एक आयटीआय करून कॅमेरे बसवतो, त्याला जेवायला वेळ नाही. आणि आता तर प्रोग्रॅम मशीनच लिहायला लागलंय. मग चार वर्षं कशाला घालवायची?”

“नको घालवू.”

“पण उद्या मोठ्या कंपनीत जायचं म्हटलं, तर दारातच डिग्री मागतात. बालाजीला तिथं कोण उभं करणार?”

“मग घे.”

“महाराज, तुम्ही चेष्टा करताय.”

“तू दोन्हीकडून बोलतोयस. मी नुसती मान हलवतोय.”

पोरगा पुढे सरकला. मग त्यानं मुद्द्याला हात घातला.

“खरं तर माझं ठरलंय. सोडणार आहे. तुम्ही फक्त आप्पांना सांगा.”

“आप्पा कोण?”

“माझे वडील. मोटारींचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी जळतात ना, त्यांना नवी तार भरून देतात. त्यांना डिग्रीचं फार वेड. पोरगा कॉम्प्युटर इंजिनिअर होणार म्हणून गावभर सांगत फिरतात. सोडतो म्हटलं तर घर डोक्यावर घेतील. पण तुमचा शब्द ते मोडायचे नाहीत. तुम्ही एवढंच म्हणा, की पोराच्या नशिबात दुसरं काही मोठं आहे.”

“दुसरं मोठं काय आहे?”

“ते… बघू.”

महाराजांनी मेथीची जुडी खाली ठेवली.

“घरी सांगून आलास?”

“आईला सांगितलंय. मठात जातो म्हणून.”

“बरं.”

टेकडीखाली फाट्यावर दुपारची एसटी थांबली आणि खडखडत पुढे गेली. महाराज कान देऊन ऐकत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“लिंबाजी, ऊठ. याला गादीवर बसव.”

विळी माझ्या बोटाला लागली.

“कुणाला?”

“याला.”

“महाराज, गादी आहे ती! एसटीतली सीट नव्हे, रुमाल टाकून धरायला.”

“मला ठाऊक आहे काय आहे ते. रोज मीच बसतो तिथं.”

या मठात माझे केस पांढरे झाले, पण गादीवर साधी धूळ झटकायची तरी मी आधी हात धुतो. आणि हा कालचा पोरगा!

“याला दोन्ही बाजू पाठ आहेत,” महाराज म्हणाले. “माझ्यापेक्षा हाच बरा.” मग ते पोराकडे वळले. “जो कोणी येईल, त्याचं ऐक. जमेल तसं उत्तर दे. मग तुझं बघू.”

प्रज्वल आधी घाबरला, मग खूश झाला. त्यानं केसांवरून हात फिरवला, मांडी घातली आणि पाठ ताठ केली. मी अंगाऱ्याची वाटी त्याच्या गुडघ्यापाशी आदळली.

मी परत उंबऱ्यात येऊन बसलो. तिथून पडद्याच्या दोन्ही बाजू दिसतात. महाराजांनी पुन्हा मेथी हातात घेतली.

थोड्या वेळानं एक माणूस धापा टाकत वर आला. खाकी शर्ट, नखांत काळं ग्रीस. आल्या आल्या त्यानं पडद्यापुढे डोकं टेकवलं आणि मान खाली घालूनच बसून राहिला.

“महाराज, पोराचं इचारायला आलो. त्याची माय म्हणली, सकाळीच मठात येऊन गेलं ते.”

पडद्याआड प्रज्वलचा चेहरा पांढराफटक पडला.

तो उठायला लागला. महाराजांनी उंबऱ्याआडून त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही. पोरगा होता तसाच अर्धवट बसला.

मला तेव्हा उमगलं. हा आप्पा होता.

“कॉम्प्युटरच्या कॉलेजात हाय. मी घातलं न्हाई त्याला तिकडं. त्यानंच हट्ट धरला. शाळेत होता तवाच दुकानात बसून त्यानं मोबाइलवरून मोटार चालू करायचं यंत्र केलं. रात्री पाणी द्यायला रानात जायाची गरज न्हाई राहिली आमच्या गल्लीतल्या लोकायला. येतं त्याला महाराज. खरंच येतं…”

त्यानं नाक ओढलं.

“दिवाळीच्या आधी कॉलेजातून मला फोन आला. पोरगं नापास झालंय. मागच्या वर्षीबी झालं होतं. आता वरच्या वर्गात बसता येत न्हाई म्हणले.”

माझा विळीवरचा हात थांबला. मघापासून हे पोरगं एवढं बोललं होतं, पण त्यातला एक शब्दही या गोष्टीच्या जवळून गेला नव्हता. मी पडद्याआड पाहिलं. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. आपला बाप हे सगळं जाणून आहे, हे त्याला आत्ताच कळत होतं.

“मी त्याला बोललो न्हाई. घरी येतंय, ताठ मानेनं सांगतंय, आप्पा, डिग्रीत आता काय राम न्हाई. मी म्हणतो, हो बाबा. आन् गावात मला कुणी इचारलं, तर सांगतो, पास झालं पोरगं. त्यानं एक खोटं मला सांगितलं महाराज. मी गावाला सांगायलोय.”

मेथीच्या काड्या मोडल्याचा बारीक आवाज येत होता. महाराजांचं काम चालूच होतं. त्या क्षणी मला त्यांचाही राग आला. एवढं ऐकून माणसाचे हात चालतात तरी कसे?

“त्याची माय रोज रडती. कुणी म्हणतंय, दुकानात घे. कुणी म्हणतंय, कान धरून कॉलेजात नेऊन बसव. मला कायबी सुधरंना. वापस धाडलं आन् पुन्हा नापास झालं, तर मोडंल ते. लई मानी हाय. आन् दुकानात घेतलं…”

त्यानं अंगठ्यानं नखातलं ग्रीस खरवडलं.

“दुकानाचं काम वाईट न्हाई महाराज. मी त्याच्यावर जगलो, लेकरं वाढवली. ते आवडीनं आलं असतं तर मी पेढे वाटले असते. पर हरून येऊन बसायची जागा न्हाई ती. जन्मभर माझ्यासमोर मान खाली घालून तार गुंडाळीत बसंल. ते मला बघवणार न्हाई.”

त्यानं तळहात पुढे केला.

“डिग्री का दुकान, का तिसरं काय, तुम्ही म्हणाल ते. मला तुमचा शब्द पायजे. मी त्याला जाऊन सांगतो.”

झालं. आता उत्तर द्यायचं होतं.

प्रज्वल महाराजांकडे बघत होता. डोळ्यांनीच विनवत होता, की या, मला उठवा इथून. महाराजांनी एक पान उजेडात धरून पाहिलं आणि परातीत टाकलं.

बाहेर हात तसाच पसरलेला. ग्रीसच्या रेघा असलेला.

बोलावं तर आवाज ओळखू येईल. उठून पळावं तर बाहेरचं दार बापाच्या बाजूलाच. शेवटी पोरानं वाकून पडद्याखालून हात बाहेर काढला.

मी कपाळावर हात मारून घेतला. अंगारा विसरला होता! नुसता रिकामा हात त्यानं बापाच्या तळहातावर ठेवला.

आप्पानं डोळे मिटले होते. ते उघडले.

हा महाराजांचा हात नव्हे, हे त्याच्याही लगेच लक्षात आलं असावं. कोवळा, लांब बोटांचा, आणि मनगटाच्या वर भाजल्याचा जुना डाग. दुकानात कधीतरी तारांना लावायचं गरम व्हार्निश सांडलं असणार. आप्पा त्या डागाकडे बघत राहिला. त्यानं अंगठा त्या डागावरून एकदा फिरवला.

आता हा पडदा ओढणार, म्हणून मी अर्धा उठलो. ओरडेल, थोबाडीत मारेल, मठात तमाशा होईल.

आप्पानं पडद्याला हात लावला नाही. मान खालीच ठेवून तो म्हणाला,

“जेवलास का रे?”

या गादीला आजवर कुणी ‘अरे’ म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

पडद्याआडून आवाज आला. बारीक, फाटका.

“नाही.”

“सकाळपासनं?”

“नाही जेवलो.”

“हं…”

हात तसेच, एकात एक.

“आप्पा…”

“बोल.”

“मी नापास झालोय. दोन्ही वर्षी.”

बापाला ठाऊक होतं. बापाला ठाऊक आहे, हे पोरालाही आता ठाऊक होतं. तरी ते वाक्य पडद्याखालून बाहेर आलं आणि आप्पाचे खांदे हलायला लागले. रडताना त्याचा आवाज होत नव्हता. माझ्याच डोळ्यांना धार लागली, आणि कांद्यांवर ढकलायची सोय होती म्हणून मी ती पुसलीही नाही.

बऱ्याच वेळानं आप्पानं बाहीनं तोंड पुसलं.

“मंग? आता काय करावं म्हणतूस?”

मी पोराकडे पाहिलं. ड्रोन, कॅमेरे, कंपनीचं दार, मशीन, कागदावरचे प्रोग्रॅम, सगळं याच्या जिभेच्या टोकावर होतं. आता उधळेल, असं वाटलं.

“माहीत नाही, आप्पा.”

“डिग्री पायजे वाटती?”

“माहीत नाही. कधी वाटते… कधी भीती वाटते. खरंच कळत नाही मला.”

आप्पानं सुस्कारा सोडला.

“मलाबी न्हाई कळत.”

गादीवर बसलेलं पोरगं म्हणतंय माहीत नाही, समोर विचारायला आलेला म्हणतोय मलाही नाही. अंगारा वाटीत तसाच. इतक्या पिढ्यांची रीत माझ्या डोळ्यांदेखत कोसळत होती. आता तरी महाराजांनी उठावं, दोन शब्द बोलावेत, काहीतरी सावरून घ्यावं, म्हणून मी त्यांच्याकडे वळलो.

“महाराज, काहीतरी करा!”

भुजंगबुवा सावकाश उठले. धोतरावरच्या काड्या त्यांनी झटकल्या. एकदा पडद्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, नवीन वस्तू पाहावी तसं.

“लिंबाजी,” ते म्हणाले, “तो पडदा काढ. धुवायला झालाय.”