दोन पौर्णिमांची मुदत

त्या रानात नायकाला एकट्याच्या मर्जीने लढाई सुरू करता येत नसे. फार पूर्वी एका नायकाने रागाच्या भरात सगळे कळप नदीपलीकडे नेले आणि निम्मे तिथेच घालवले. तेव्हा उरलेल्यांनी मिळून नियम केला. अचानक हल्ला झालाच तर नायकाने तरुणांची फौज खुशाल न्यावी, पण थोरांच्या सभेला त्याची वर्दी द्यावी. वर्दी मिळाल्यापासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सभेने होकार दिला नाही, तर फौज परत आणावी. आणि आम्ही ऐकलंच नाही असं पुढे कुणाला म्हणता येऊ नये, म्हणून सभेतल्या एकाने तरी मोठ्याने ओरडून वर्दीची पोच द्यावी. ओरड झाली की मुदत सुरू. नियम सगळ्यांना तोंडपाठ होता.

अलीकडे मात्र सभेवर सहसा न ओरडणारेच निवडून येत. ससा होता, कासव होतं, घोरपड होती. ओरडणाऱ्या जातीची अशी एकटी तांबी भेकरीण उरली होती. भेकराचं भुंकणं तीन टेकड्यांपलीकडे जातं म्हणतात. पण तिनेही कित्येक वर्षांत घसा खाकरण्यापलीकडे काही केलं नव्हतं. सभेच्या झाडाची सावली छान होती.

एका सकाळी नायक गव्याने फौज पलीकडे नेली. तिकडचे रानकुत्रे आपल्याकडे वाकड्या नजरेने बघतात, असं त्याचं म्हणणं. फौजेत तांबीचा टिक्याही होता. एकुलता एक, आणि शिंगं नुकती कुठे फुटलेली.

दुसऱ्या दिवशी नायकाचा निरोप्या, कोतवाल पक्षी, सभेच्या झाडावर येऊन बसला.

"मंडळी, फौज पलीकडे गेलीय बरं का," तो म्हणाला. "पण ही काही वर्दी नव्हे हं. आपलं जाता जाता सांगितलं. लढाई असती तर रीतसर वर्दी दिली असती. हे नुसतं हुसकावणं चाललंय."

थोरांना हायसं वाटलं. वर्दी असती तर ओरडावं लागलं असतं, मग हो की नाही ते ठरवावं लागलं असतं, आणि ठरवलं की चुकायची भीती आलीच. कासवाने मान आत घेतली. तांबीचा आवाज घशाशी आला होता, तो तिने गिळला. आपल्याच पोरासाठी ओरडली म्हणतील, असं तिला वाटलं. खरं सांगायचं तर तिला तेवढंच निमित्त हवं होतं.

कोतवाल रोज येत राहिला. आज दोन सांबरं गेली. आज एक चितळ. हेही जाता जाताच. थोर ऐकत, पाला चघळत आणि पांगत. सुरुवातीला प्रत्येक नावाला तांबीच्या काळजात धस्स होई. मग तेही होईनासं झालं. टिक्याचं नाव नाही एवढं कळलं की ती पुन्हा चरायला लागे, आणि तोंडात काय आहे हे तिला समजत नसे.

अशा तीन पौर्णिमा गेल्या. एका दुपारी कोतवाल म्हणाला, "ससेबुवा, तुमची दोन्ही पोरं गेली."

"बरं," ससा म्हणाला आणि गवत निवडत राहिला.

तांबी त्याच्याकडे बघत राहिली. उद्या आपणही असंच म्हणणार, हे तिला लख्ख दिसलं. ती उठून उभी राहिली आणि भुंकली.

"अहो तांबीआत्या, काय हे!" कोतवाल फांदीवरून उडालाच. "मुदत सुरू झाली ना आता!"

"पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती," ती म्हणाली.

सभेने होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. पण मुदत गप्प बसण्याने थांबत नसे, एवढी अक्कल नियम करणाऱ्यांना होती. दुसऱ्या पौर्णिमेच्या सकाळी, नियम म्हणजे नियम, असं म्हणून नायकाने फौज परत आणत असल्याचं कळवलं. सभा नदीकाठी जमली.

फौज पाण्यातून वर आली. निम्मीही नव्हती. टिक्या होता. त्याचा एक कान नव्हता. तो आईपासून दहा पावलांवर येऊन उभा राहिला, आणि इतर थोरांकडे बघावं तसंच त्याने तिच्याकडे बघितलं. तांबी पुढे निघाली.

"आली बरं का फौज परत," कोतवाल म्हणाला.

कासवाने मान बाहेर काढून नीट पाहिलं. "आली," ते म्हणालं.

तेव्हा नायकाने तोंड फिरवलं, आणि सगळी रांग जागच्या जागी फिरली. टिक्याही फिरला. पाणी त्याच्या पोटाला लागलं तेव्हा कोतवाल सभेला सांगत होता की फौज आत्ताच पलीकडे गेलीय, ही मोहीम नवी आहे, आणि हेही आपलं जाता जाता.

तांबी पोचली तेव्हा काठावर टिक्याच्या खुरांचे ठसे होते. तिने वाकून त्यांना नाक लावलं. त्याच्या अंगावरून निथळलेलं पाणी अजून वाळूत जिरलंही नव्हतं.