विटांवरची गाडी

"सून गुणाची आहे हो, पण बोलेल तर शपथ. पाल तरी अधूनमधून चुकचुकते," बापूसाहेब आतल्या खोलीत बायकोला सांगत होते. दाराबाहेर चहाचा ट्रे धरून उभी असलेली नवी सून हेमांगी तशीच मागे फिरली.

तोंड मिटलेलं असलं तरी डोळे उघडे होते तिचे. अंगणात गाडी जॅकने उचलून विटांच्या चार थप्प्यांवर ठेवली होती. इंजिनातून ऑइल गळत होतं, आणि घरची गाडी गॅरेजवाल्याच्या हाती द्यायची नाही असा बापूसाहेबांचा हुकूम होता. सुरक्षेची व्यवस्था चोख होती : विटांना हळदकुंकू, बॉनेटवर हार आणि चाकांखाली लिंबं. आता पाना घेऊन गाडीखाली शिरायचं होतं ते हेमांगीच्या नवऱ्याला, निशिकांतला.

आणि एका विटेतून बारीक भुगा गळत होता.

तिने ते निशिकांतच्या कानावर घातलं, त्याने वडिलांच्या. बापूसाहेब बिथरले. म्हणाले, "याच विटांवर आपलं घर उभं आहे. त्या कच्च्या म्हणणाऱ्याने एकही वीट न फोडता मला तसं दाखवून द्यावं. नाहीतर मुकाट्याने खाली शीर."

निशिकांत मुकाट्याने बाह्या सरसावू लागला. सासूबाईंनी देवाला हात जोडले.

हेमांगी घरात गेली आणि बापूसाहेबांची बाजाची पेटी घेऊन आली. या पेटीवर धूळसुद्धा परवानगी काढून बसायची. तिने ती गोणपाटावर ठेवली आणि काठीने अलगद गाडीखाली ढकलली.

"अगं, काढ ती! गाडी खाली आली तर चुरा होईल पेटीचा!"

बोलून गेल्यावर बापूसाहेब थबकले. निशिकांतने एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या छातीकडे. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. वीट एकही फुटली नव्हती.

मग बापूसाहेबांचं पोट हलू लागलं आणि ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. गोणपाट ओढून पेटी बाहेर आली, जॅक लावून गाडी खाली उतरली. गॅरेजमधून लोखंडी स्टँड मागवले गेले, लिंबांच्या जागी दगड आले. गाडीची किल्ली बापूसाहेबांनी सुनेच्या हातात ठेवली. यापुढे तिने पाहिल्याशिवाय कुणी गाडीखाली जायचं नाही.

"पण सूनबाई," ते डोळे पुशीत म्हणाले, "खरंच कोसळली असती तर?"

"तर दुसरी पेटी आणता आली असती, मामंजी."