सगुणाबाईचा पाट

केशर, पाय आत घे बघू गोधडीत. भिवा, तूही सरक. मगाशी जेवताना विचारलंत ना, तो एक रिकामा पाट कोणासाठी मांडलाय म्हणून? मग ऐका.

एकदा काय झालं, एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. अल्याड पळसखोरं, पल्याड करंजखोरं. दोन्हीकडे राजा नव्हता, बरं का! काही ठरवायचं असलं की गाव चावडीपुढे जमायचं आणि प्रत्येकजण मडक्यात एक दाणा टाकायचा. होकाराला चिंचोका, नकाराला गुंज. गुराख्याचा दाणा एक आणि कारभाऱ्याचाही एकच. आहे कुठल्या राजाच्या राज्यात असं?

दोन्ही गावांचं सख्य सात पिढ्यांचं. जुन्या म्हाताऱ्यांनी नियमच घातला होता, सभेत शेजारगावच्या माणसासाठी एक पाट मांडायचा. तो पाटावर बसला की त्याचं ऐकल्याशिवाय मडक्यात दाणा टाकायचा नाही.

पण एका वर्षी जत्रेत आधी झेंडा कोणाचा, यावरून जुंपली. दोन्ही गावं फुगून बसली. पाट उचलून माळ्यावर टाकले. हसू नकोस केशर, काल भिवाशी तूही अशीच कट्टी केलीस.

मग आला घटघट्या राक्षस. डोंगराएवढा, आणि तहान त्याहून मोठी. पण दोन्ही काठांनी 'पी' म्हटल्याशिवाय नदीला तोंड लावायचं नाही, असा त्याला शाप होता. म्हणून तो पळसखोऱ्यात जाऊन गोड गोड बोलला, "करंजखोऱ्यानं केव्हाच हो म्हटलंय. तुम्हीही म्हणा, तुमच्यापुरती एक विहीर ठेवतो." मग पल्याड गेला आणि पळसखोऱ्याचं नाव घेऊन तेच सांगितलं. दोन्ही गावं भडकली. तिसऱ्या दिवशी दाणे टाकायचं ठरलं.

करंजखोऱ्यात सगुणाबाई होती. सुपं विणायची, जिभेची तिखट. ती म्हणाली, "सात पिढ्यांचे शेजारी असं करतील? मी विचारून येते. तोवर मडकं झाकून ठेवा."

मग ती गेली. वेशीवरचा रखवालदार म्हणाला, "बाई, पाट काढलाय. परत जा." दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. म्हणाली, "उभ्यानंच बोलते." तो म्हणाला, "उभ्याचं ऐकायचा नियम नाही." मग तिसऱ्या दिवशी काय केलं असेल तिनं? आपल्याच गावचा पाट माळ्यावरून काढला, डोक्यावर घेतला, नदी उतरली आणि थेट भर सभेत मडक्यासमोर मांडून त्यावर बसली!

गोमाजी कारभाऱ्यानं चिंचोका उचलला होता. हात तसाच राहिला. लोक ओरडले, "उठवा तिला!"

"कसा उठवू?" गोमाजी म्हणाला. "नियम आपलाच आहे. बोला, सगुणाबाई."

"झेंडा आधी तुमचा लावा, हवा तर दोनदा लावा," ती म्हणाली. "पण नदी द्यायला तुम्ही हो कधी म्हटलंत, तेवढं सांगा."

"आम्ही? हो तर तुम्ही म्हटलंत!"

"आमचं मडकं अजून रिकामं आहे, कारभारी."

गोमाजीला अशी लाज वाटली म्हणता! त्यानं चिंचोका फेकला, आपल्या माळ्यावरचा पाट डोक्यावर घेतला आणि करंजखोऱ्याच्या सभेत जाऊन बसला.

मग दोन्हीकडे दाणे पडले आणि दोन्ही गावं मडकी घेऊन नदीकाठी जमली. मडकी पालथी केली, तर गुंजाच गुंजा, लालभडक! पळसखोरं ओरडलं, "नाही!" राक्षस ताडाएवढा झाला. करंजखोरं ओरडलं, "नाही!" तो रेड्याएवढा झाला. मग दोन्ही गावं एकदम ओरडली, आणि टुणकन बेडूक! अजून डरांव डरांव करत पाणी मागतो. घोटभर देतात बिचाऱ्याला.

नदी वाहती राहिली, माणसं सुखात राहिली. भांडतात अजूनही, नाही असं नाही. पण पाट मांडून भांडतात.

ती सगुणाबाई माझ्या पणजीची आई, बरं का. मला करंजखोऱ्यातून इकडे पळसखोऱ्यात दिली, तेव्हा आईनं दागिना नाही, तो पाट दिला. म्हणून येईल त्या शेजाऱ्यासाठी मी तो रोज मांडते. आणि ताठ मानेनं मांडते.

काय म्हणतेस केशर? उद्या भिवाला त्यावर बसवणार? बसव की. पण बसवलंस की आधी त्याचं ऐकायचं हं. हां, आता मिटा डोळे दोघंही.