माथ्यावरचं कोठार

फार पूर्वी नदीकाठच्या एका टेकडीत उंदरांचं राज्य होतं. माथ्यावर कोठारवाले राहायचे, तळाशी बिळं उकरणारे. जन्मभर धान्याचा व्यापार केलेला रखमाजी उंदीर नुकताच धंद्यातून मोकळा झाला होता.

राजाने ठरवलं, पलीकडच्या टेकडीवरूनही दिसेल असं उंच कोठार माथ्यावर बांधायचं.

सभेत रखमाजीने विचारलं, “माती कुठून आणणार?”

“तळातून. तिथे भरपूर आहे,” राजा म्हणाला.

“अहो, तिथे पिल्लं झोपतात! भिंती आधीच पातळ झाल्यात. आधी त्या लिंपून घ्या, कोठार कुठे पळून जातंय?”

राजा हसला. “जन्मभर पोत्यांवर बसलात, आणि आता तळातल्यांचा पुळका?”

“पुळका नाही महाराज, भीती वाटते,” रखमाजी म्हणाला. “माझी पोतीही याच टेकडीवर आहेत.”

कुणी ऐकलं नाही. तळातली माती उपसून कोठार उभं राहिलं. उद्घाटनाला रखमाजीला मानाने सगळ्यात उंच पाटावर बसवलं. राजाने तिथेच आणखी एका मजल्याची घोषणा केली. टाळ्या कडाडल्या.

रखमाजीने हळूच पाट बाजूला सारून जमिनीला कान लावला. खालून माती उकरण्याचा आवाज आता अगदी जवळून, थेट कोठाराच्या पायाखालून येत होता.