केरबाचे मासे आणि मामींचा हौद

माणदेशातल्या एका गावात केरबा नावाचा एक भोळा जावई होता. दुकानाच्या पाटीवर ‘आत या’ असं दिसलं, की काही घ्यायचं नसतानाही आत जाऊन यायचा. सांगितलेलं कधी मोडायचा नाही. फक्त एका ठिकाणचं दुसऱ्या ठिकाणी लावायचा, एवढंच.

त्याची बायको शेवंता बाळंतपणाला माहेरी गेली होती. जाण्याआधी तिला हळदीकुंकवाच्या सोडतीत काचेची पेटी आणि तीन सोनेरी मासे लागले होते; ते केरबाकडंच राहिले होते. बाळ झालं. केरबा लेकराला आणायला गेला, तेव्हा सासूबाईंनी त्याला दारातच थांबवलं.

“पावणं, आदी तीन मासं जगवून दावा. मग लेकरू धाडते.”

केरबाचा जीव लेकरात अडकलेला. लेकराला अजून त्यानं मांडीवरसुद्धा घेतलं नव्हतं. घरी येऊन त्यानं बोअर चालू केला आणि ताजं पाणी थेट पेटीत ओतलं. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले. केरबा धावत बाजारपेठेत, मासेवाल्या इलाहीभाईंकडं गेला.

इलाहीभाई म्हणाले, “अरे, बोअरचं पाणी जमिनीच्या पोटातनं येतं, त्यात हवा नसती. रातभर उघडं ठेव, मग वापर. आन मासा तोंड उघडझाप कराय लागला की वरनं पाण्याची धार धर. हवा मिसळती.”

केरबानं तसं केलं. मासे वाचले.

संध्याकाळी त्यानं गाईची धार काढली आणि विचार केला. जमिनीच्या पोटातलं पाणी रात्रभर उघडं ठेवायचं, तर गाईच्या पोटातलं दूध काय वेगळं? त्यानं दुधाची चरवी अंगणात उघडी ठेवली. सकाळी चरवी चकचकीत होती आणि मांजर मिश्या पुसत होतं.

शेजारच्या गोजराकाकू ओरडल्या, “खुळ्या, उघडं काय ठेवतोस? वर फळी टाकावी, फळीवर पाटा ठेवावा.”

“बरं,” म्हणाला केरबा. घरात जाऊन त्यानं माशांच्या पेटीवर फळी टाकली, फळीवर पाटा ठेवला, फटींना कणीक लावली. दुपारपर्यंत मासे मलूल. पुन्हा इलाहीभाई.

“जित्ता जीव हाय त्यो, लोणचं न्हवं,” इलाहीभाई म्हणाले. “झाकण काढ. आन पाणी बदलताना समदं एकदम काढू नगं. थोडं आज, थोडं आठवड्यानं. एकदम बदललं की जीव घाबरतो.”

मासे पुन्हा सावरले. केरबा खूश झाला. सासूबाई बघायला येणार होत्या, म्हणून तो दाढी करायला गेला. न्हाव्यानं एक गाल साफ केला, तसा केरबा उठला.

“आरं, दुसरा गाल?”

“त्यो फुडल्या आठवड्यात. एकदम काढलं की जीव घाबरतो.”

न्हाव्याचा जीव तेव्हाच घाबरला होता.

अर्धी दाढी घेऊन केरबा इलाहीभाईंकडं गेला. मासे जगले म्हणून त्यांनी खूश होऊन त्याला एक चौथा मासा दिला, पाण्याच्या पिशवीत घालून. “नवा जीव थेट आत सोडायचा न्हाई. पिशवीसकट पाण्यात ठेव घटकाभर. तुज्या पाण्याची सवय झाली की मग आत घे.”

केरबानं अगदी तसंच केलं. एकही चूक केली नाही. चारही मासे ओसरीवरच्या पेटीत झळकू लागले.

तेवढ्यात सासूबाई आल्या. हातात पिशवी, पिशवीत लाडवांचा डबा. त्यांनी अंगणातूनच मासे पाहिले, एकदा मोजले, पुन्हा मोजले आणि त्यांना भरूनच आलं. जावयाच्या अर्ध्या दाढीकडंही त्यांनी काणाडोळा केला.

“जगवलंसा की वो. तीनाचं चार केलंसा. उद्याच शेवंताला आन लेकराला घिऊन येते. पायावर पाणी द्या, म्हंजी आत येते.”

केरबानं मान हलवली. नवा जीव. थेट आत नाही. त्यानं सासूबाईंना पिशवीसकट अलगद उचललं आणि गुरांच्या हौदात ठेवलं.

सासूबाईंच्या तोंडाची नुसती उघडझाप व्हायला लागली. केरबाला उपाय पाठ होता. त्यानं लगेच कळशी घेतली आणि त्यांच्या डोक्यावर बोअरच्या पाण्याची बारीक धार धरली.

“घाबरू नगा, मामी. घटकाभर बसा, सवय हुईल,” तो मायेनं म्हणाला. “आन उद्या लेकराला येताना पिशवीतच आना. मी आज रातीच हौद भरून उघडा ठेवतो.”